कॅरिबियनमध्ये जुलै स्वस्त का असतो?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मित्रमंडळींसोबत शिडाच्या बोटीने कॅरिबियन बेटे फिरण्याविषयीचा लेख वाचला. लेख चांगला उतरला आहे. असल्या सहली फक्त कोट्यधीशांनी कराव्यात हा समज त्यामुळे थोडा तरी सैल होईल. पाच-सहा जणांनी मिळून बोट भाड्याने घेतली आणि स्वयंपाक बोटीवरच केला, तर माणशी खर्च आवाक्यात बसतो, हे त्यातले म्हणणे खरेच आहे. माझी हरकत आहे ती शेवटच्या चौकटीला. ‘जून ते सप्टेंबर बोटींचे भाडे बरेच उतरते, गर्दीही नसते, तेव्हा खर्च सांभाळून जाणाऱ्यांनी हाच काळ धरावा,’ असा सल्ला तिथे दिला आहे. भाडे उतरते हे बरोबर. ते का उतरते, हे मात्र अख्ख्या लेखात कुठे नाही.

मी निवृत्त फार्मासिस्ट. सवलत दिसली की आधी एक्स्पायरी डेट बघायची, ही सवय अजून गेलेली नाही. आमच्या कॉलेजच्या कंपूतल्या एकाकडे शिडाची बोट चालवण्याचा परवाना आहे. त्याच्या भरवशावर आम्ही जानेवारीत सेंट लुशियाहून निघालो आणि सेंट व्हिन्सेंट, बेक्विया, टोबॅगो केज, युनियन, कॅरिआकू असे करत ग्रेनाडापर्यंत खाली उतरलो. बोटीवर माझा काही उपयोग नव्हता असे कॅप्टन अजून म्हणतो. माझ्याकडे काँट्रीचा हिशेब, औषधांचा डबा आणि सगळ्यांचे पासपोर्ट होते. म्हणजे बोट सोडून बाकी सगळे माझ्याकडेच होते.

आता त्या चौकटीविषयी. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. समुद्र तापलेला असतो. आफ्रिकेच्या बाजूने निघालेले हवेचे क्षोभ त्या उबेवर पोसत पश्चिमेला सरकतात, आणि त्यांच्या वाटेत पहिली लागतात ती हीच पूर्वेकडची बेटे. खरा धोका ऑगस्ट ते ऑक्टोबर, जुलैला काही होत नाही, असे बोट भाड्याने देणारे काही जण बिनदिक्कत सांगतात. मग १ जुलै २०२४ ही तारीख त्यांना विचारावी. त्या दिवशी सकाळी ‘बेरिल’ चौथ्या श्रेणीचे वादळ होऊन कॅरिआकूवर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होता. त्यानंतर चोवीस तासांच्या आत ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत गेले. अटलांटिकच्या नोंदींमध्ये वर्षाच्या इतक्या सुरुवातीला कोणतेच वादळ तिथवर पोचले नव्हते. शेजारच्या युनियन बेटावरची सुमारे ९० टक्के घरे उद्ध्वस्त झाली किंवा त्यांचे मोठे नुकसान झाले, असे तिथल्या पंतप्रधानांनी तेव्हा सांगितले होते. आणि हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. २००५ साली ‘एमिली’ ग्रेनाडाला आली तीही जुलैतच. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात आलेल्या ‘आयव्हन’ने मोडलेली छपरे तेव्हा धड शाकारूनही झालेली नव्हती.

यातली खरी गोम अशी की, हा दक्षिणेचा टापू बोटवाल्यांच्या हिशेबात सुरक्षित मानला जायचा. ग्रेनाडा १२ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि बहुतेक वादळे तिच्या वरून, उत्तरेकडून निघून जातात. म्हणून अनेक विमा करारांत अट असते की, मोसमात बोट ग्रेनाडाच्या आसपास किंवा त्याहून दक्षिणेला न्यावी. लोक त्याप्रमाणे बोटी आणून कॅरिआकूच्या टिरेल बे या खाडीलगतच्या खारफुटीत बांधून ठेवायचे. त्या खारफुटीतच बेरिलने बोटी एकमेकींवर रचल्या. आम्ही गेलो तेव्हा तिथली झाडे उभी होती, पण पाने नसलेल्या करड्या काटक्यांसारखी. त्या काटक्यांत एका बोटीची डोलकाठी आडवी अडकलेली होती, दोर अजून तसेच गुंडाळलेले. कोणीतरी ते फार निगुतीने बांधले असणार.

मग तिथली माणसे जुलैत राहत नाहीत का, असे कोणी विचारेल. राहतात की. सेंट व्हिन्सेंटचा ‘व्हिन्सी मास’ हा कार्निव्हल ऐन जूनअखेर आणि जुलैच्या सुरुवातीला असतो. कॅरिआकूची बोटींची शर्यत ऑगस्टच्या आरंभी होते, आणि ती १९६५ पासून चालत आली आहे. पण त्या माणसांना पक्के घर कुठले आणि निवाऱ्याला शाळा कुठली हे ठाऊक असते. पाहुण्याचे घर मात्र बारा मीटर लांबीचे, दोरीच्या टोकाला बांधलेले आणि तेही दुसऱ्याच्या मालकीचे. ज्यांना कार्निव्हलच बघायचा आहे त्यांनी विमानाने जावे, जमिनीवर राहावे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

त्याच लेखात, पुरवणीच्या दुसऱ्या पानावर, टोबॅगो केजच्या वाळूवर निखाऱ्यावर भाजलेल्या लॉबस्टरचे वर्णन आहे. वर्णन झकास आहे. पण सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्समध्ये १ मे ते ३१ ऑगस्ट लॉबस्टर पकडायला बंदी असते. म्हणजे चौकटीतला सल्ला मानला तर सप्टेंबर सोडून दुसऱ्या पानावरचे जेवण बेकायदा ठरते, आणि जेवण हवे असेल तर चौकट सोडावी लागते. तिकडच्या उन्हाळ्याची, म्हणजे जूनपासूनच्या महिन्यांची, आणखी एक भेट म्हणजे सार्गासम. हे तरंगते तपकिरी शेवाळ २०११ पासून या बेटांवर लोंढ्यांनी यायला लागले, आणि त्याचा जोर उन्हाळ्याच्या महिन्यांत जास्त असतो. वाऱ्याकडच्या किनाऱ्यांवर त्याचे थर साचतात, कुजतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. सुकाणूला ते गुंडाळते, इंजिन थंड ठेवणारे पाणी जिथून आत येते ती जाळी बुजवते. एवढे सगळे भाड्यातल्या सवलतीत धरलेले असते.

जानेवारीत सगळे गोडीगुलाबीचे असते असेही कोणी समजू नये. डिसेंबर-जानेवारीत व्यापारी वारे सर्वांत जोरात वाहतात. तिथे त्यांना ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात. एरवी १५ ते २० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) असणारा वारा त्या दिवसांत २५च्या पुढे जातो आणि आठवडाभर हटत नाही. मात्र तो येतो पूर्वेकडून, ठरल्यासारखा, आणि त्याचा अंदाज आधी कळतो. या वाऱ्याशी जमवून घेता येते. म्हणूनच जाणकार लोक उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतात. वारा बाजूने मिळतो आणि बोट धावते. उलट दिशेने वर चढायचे तर नाकावर लाटा घेत जावे लागते. लेखात मात्र ‘कुठूनही सुरुवात करा’ असे एका ओळीत उरकले आहे.

बेटाच्या आडोशाला आणि दोन बेटांमधल्या खाडीत किती फरक असतो, ते सांगायलाच हवे. सेंट लुशियाच्या पश्चिम किनाऱ्याने पिटॉनचे दोन सुळके मागे टाकेपर्यंत समुद्र इतका शांत होता की कोणीतरी कांदा चिरायला घेतला. कॅप्टनने मात्र त्याच शांततेत शीड आवरून लहान करून घेतले. वारा नसताना शीड कमी कशाला, म्हणून त्याला टोमणेही मिळाले. बेटाचे टोक संपले आणि डोंगराने अडवून धरलेला सगळा वारा एकदम बाजूने अंगावर आला. बोट कलली. कांदे एका बाजूला, सुरी दुसऱ्या बाजूला, आणि चिरणारी मधे जमिनीवर बसलेली. पुढे सेंट व्हिन्सेंटच्या आडोशाला पोचेपर्यंत तब्बल २५ सागरी मैल हेच. शिवाय पाण्याचा ओढ पश्चिमेकडे असतो. त्यामुळे बोटीचे तोंड जिथे जायचे त्याच्या जरा पूर्वेलाच धरावे लागते, नाहीतर बेट बाजूने निघून जाते आणि पुढे थेट मध्य अमेरिका.

इथे औषधांच्या डब्याविषयी चार शब्द, कारण लेखात ‘आले चघळावे’ एवढेच आहे. आल्याने थोडा उतार पडतो, नाही असे नाही. पण मळमळीची गोळी, मग ती सिनॅरिझिन असो की मेक्लिझिन, निघण्याच्या आधी पोटात जायला हवी. एकदा उलट्या सुरू झाल्या की पोटातून औषध नीट शोषले जात नाही आणि गोळी वाया जाते. गोळ्यांनी झोप येते, म्हणून सुकाणूवर कोण बसणार ते बघून द्याव्यात. स्कोपोलामाइनची पट्टी कानामागे लावण्याचा उपाय चांगला आहे, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये. आमच्या वयाच्या कंपूत यातले काहीतरी कोणालातरी असतेच, आणि कोणी ते आधी सांगत नाही.

मित्रांविषयी लेखात दोन परिच्छेद भरून गोडवे आहेत. मी एवढेच म्हणेन की बोटीवर मतदान चालत नाही. नांगर कुठे टाकायचा, कधी निघायचे, शीड किती ठेवायचे, हे एकानेच ठरवायचे आणि बाकीच्यांनी जेवताना त्यावर भांडायचे. ज्याला हे मान्य नाही त्याला किनाऱ्यावर भेटावे. बाकी कोण घोरतो आणि कोण भांडी घासत नाही, याचे निकाल ज्याचे त्याने लावावेत.

‘गावोगाव हिंडावे तसे बेटांवर हिंडा,’ हे वाक्य मात्र छापायला नको होते. सेंट लुशिया एक देश, सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्स दुसरा, ग्रेनाडा तिसरा. प्रत्येक देश सोडताना निघण्याची नोंद करावी लागते आणि पुढच्या देशात शिरताना येण्याची. शिरताना पिवळा झेंडा चढवायचा. कॅप्टनने एकट्याने सगळ्यांचे पासपोर्ट आणि बोटीचे कागद घेऊन कस्टम्स आणि इमिग्रेशनच्या टेबलांसमोर उभे राहायचे. तोवर बाकीच्यांनी बोटीवरून उतरायचे नाही. शिक्के मिळाले की पिवळा झेंडा खाली आणि त्या देशाचा झेंडा वर. हा झेंडा फाटका किंवा उलटा लावलेला तिथल्या लोकांना आवडत नाही, आणि का आवडावा? कचेरीच्या वेळेबाहेर किंवा रविवारी गेलात तर जादा आकार पडतो. एका बंदरात आमच्या कॅप्टनला अर्धी चड्डी आणि उघड्या अंगाने आत येऊ दिले नाही, परत पाठवले. मला ते अगदी पटले. आपल्या तहसील कचेरीत तरी असे कोणी शिरते का?

पैशाचेही तसेच. तिन्ही देशांत ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो, बोलताना ‘ईसी’. १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० ईसी हा दर कायम आहे. हिशेब ठेवणारीला याहून मोठे सुख नाही. पण भाव नुसता ‘डॉलर’ म्हणून सांगतात, तेव्हा कोणता डॉलर हे आधीच विचारून घ्यावे. मासे घेऊन झाल्यावर विचारले तर दोघांचीही तोंडे उतरतात.

आता टोबॅगो केज. माझ्या मते सगळ्या सफरीचे सार तिथेच आहे आणि लेखात त्याला सर्वांत कमी जागा मिळाली आहे. पाच छोटी ओसाड बेटे आहेत. त्यांतली चार हॉर्सशू रीफ नावाच्या घोड्याच्या नालासारख्या प्रवाळाच्या आडोशाला. त्या प्रवाळापलीकडे पूर्वेला, पाचवे छोटे बेट सोडले तर, आफ्रिकेपर्यंत दुसरी जमीन नाही. अटलांटिकच्या लाटा प्रवाळावर फुटतात आणि अलीकडे बोट सपाट पाण्यावर उभी असते, वारा मात्र पूर्ण जोराने अंगावर. आत शिरायचे ते उन्हे डोक्यावर असताना. तेव्हाच वाळूवरचे फिकट हिरवे पाणी आणि प्रवाळाचा तपकिरी डाग यांतला फरक डोळ्यांना कळतो. नकाशा हातात असला तरी एक जण पुढे नाकाशी उभा राहतोच. जिथे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोया असतात तिथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बंदरात शिरताना लाल बोया तिथे उजव्या हाताला ठेवतात, भारतात डाव्या. आपल्याकडे शिकलेल्यांनी हे आधी घोकून जावे.

या पाचांतल्या बॅरडाल बेटापाशी तळाला समुद्रगवताचे कुरण आहे आणि हिरवी कासवे त्यावर चरायला येतात. चरणे म्हणजे अक्षरशः चरणे. पुढच्या वल्ह्यासारख्या पायांनी तोल सांभाळत, मान खाली घालून, एकेक पाते तोडत. दर काही मिनिटांनी एक कासव सावकाश वर येते, नाक पाण्याबाहेर काढून फुस्स करते आणि पुन्हा खाली जाते. या कुरणात नांगर टाकला तर तो नांगरटच करतो, म्हणून तिथे बांधायच्या बोया आहेत आणि सागरी उद्यानाचे शुल्क आहे. ते कुरकुर न करता द्यावे. दुसरेही कारण आहे. हॅलोफिला स्टिप्युलेशिया नावाचे समुद्रगवत मूळचे आपल्या हिंदी महासागराच्या बाजूचे, तांबड्या समुद्रातलेही. कॅरिबियनमध्ये ते पहिल्यांदा नोंदले गेले २००२ साली, ग्रेनाडात. बोटींबरोबरच आले असावे, असे अभ्यासक मानतात. आता ते बेटामागून बेट पसरते आहे आणि त्याचे तुकडे नांगरांना चिकटून पुढच्या खाडीत जातात. नांगर वर घेतला की तो जागेवरच धुऊन घ्यायला एक मिनिट लागते.

लेखासोबतच्या फोटोत एक गृहस्थ वाळूवर हिरव्यागार झाडाच्या सावलीत झोपले आहेत. ते झाड मँचिनील आहे असे मी म्हणत नाही, फोटोवरून कळत नाही. पण मँचिनील त्या किनाऱ्यांवरच उगवते आणि त्याची सावली तशीच दाट असते. फळ लहान हिरव्या सफरचंदासारखे, वासाला गोड. त्याचा दुधी चीक लागला तर कातडीवर फोड येतात. पावसात झाडाखाली उभे राहिले तर पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही येतात. फळ चावले तर तोंड आणि घसा भाजतो. लाकूड जाळले तर धुराने डोळे जातात की काय असे होते. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो, पण प्रत्येक झाडावर असतोच असे नाही. शेकोटीसाठी वाळूवरची लाकडे गोळा करणाऱ्यांना हे आधी सांगावे.

कॅरिआकूहून ग्रेनाडाला उतरताना वाटेत ‘किक-एम-जेनी’ लागते. हा पाण्याखालचा ज्वालामुखी ग्रेनाडाच्या उत्तरेला सुमारे ८ किलोमीटरवर आहे. १९३९ साली त्याचा उद्रेक पहिल्यांदा नोंदला गेला. तो शांत असतानाही त्याच्याभोवती दीड किलोमीटरचे वर्तुळ बोटींना वर्ज्य असते, आणि इशाऱ्याची पातळी वाढली की ते पाच किलोमीटर होते. कारण उद्रेकाचे तेवढे नाही. खालून वायूचे बुडबुडे उसळले तर पाणी हलके होते आणि बोटीला उचलून धरण्याची ताकद त्यात उरत नाही. आमच्यातल्या एका नास्तिकाने ते वर्तुळ संपेपर्यंत हात जोडून ठेवले होते.

शेवटचे एक. बेक्विया, मेयरो, युनियन, कॅरिआकू या बेटांवर नद्या नाहीत. घराच्या पत्र्यावर पडलेला पाऊस पन्हळीने टाकीत घ्यायचा आणि कोरड्या महिन्यांत तोच पुरवायचा, हीच तिथली रीत. त्यामुळे बेरिलने छप्पर उडवले तेव्हा डोक्यावरचा आडोसा गेला आणि पाणी धरायचे साधनही गेले. अशा ठिकाणी बोटीच्या टाकीत नळी सोडून डेकची धुलाई करू नये. कचऱ्याचेही तेच. बोटीशी होडी लावून कोणीतरी ‘कचरा द्या, टाकून येतो’ म्हणते. तो कुठे टाकला जाईल याची खात्री नसते, म्हणून तो जपून ठेवून मोठ्या बंदरातल्या कुंडीतच टाकावा. तो समुद्रात टाकायला तर या सगळ्या भागात २०११ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने बंदीच आहे. त्याच होडीवाल्याकडून मासे, पाव, भाजी जरूर घ्यावी. दोर बांधायला मदत केली तर ठरलेले पैसे रोख द्यावेत. सगळे सामान सेंट लुशियाच्या सुपरमार्केटमधून भरून नेऊन छोट्या बेटांवर नुसती पोहायला उतरणारी मंडळी आम्ही पाहिली. युनियनच्या क्लिफ्टनमध्ये अर्धी दुकाने अजून पत्रे ठोकण्यात गुंतलेली होती, आणि उघड्या असलेल्या एका खानावळीत रोटी मिळाली. मऊ मोठ्या पोळीत बटाटा आणि कोंबडीचा रस्सा गुंडाळलेला. मळ्यांवर मजुरीसाठी तिकडे नेलेल्या आपल्या लोकांमागोमाग ती आली. सेंट व्हिन्सेंटला मद्रासहून ‘त्रावणकोर’ हे जहाज १ जून १८६१ला लागले, ग्रेनाडाला ‘मेडस्टोन’ त्याआधी, १ मे १८५७ला. खानावळीच्या बाईंनी मला ‘तुमच्याकडे पण रोटी मिळते?’ असे विचारले आणि तिखट जरा जास्तच घातले.

तेव्हा विनंती एवढीच की, येत्या रविवारी ती चौकट दुरुस्त करून छापावी. डिसेंबरच्या मध्यापासून मेपर्यंतचा काळ लिहावा, आणि ज्यांना फार वारा नको असेल त्यांच्यासाठी मार्च-एप्रिल. ज्यांनी चौकट वाचून जुलैची आगाऊ रक्कम भरून टाकली असेल, त्यांनी करारातले वादळाचे कलम आजच काढून वाचावे. इशारा आल्यावर बोट कोणी आणि कुठे न्यायची, पैसे परत मिळणार की पुढच्या तारखा, हे त्यातच कुठेतरी बारीक अक्षरांत असते.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त फार्मासिस्ट